घोड्याच्या नाचाची किंमत

दत्तजयंतीच्या निमित्ताने नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. या यात्रेतील घोडेबाजाराची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही पोहोचलेली आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशी नाना जातींची जनावरे तेथे येतात, लाखांच्या घरात सौदे होतात आणि चेतक महोत्सवात घोड्यांच्या शर्यती व नृत्यस्पर्धाही भरविल्या जातात. सर्कशीतील वन्य प्राण्यांच्या खेळांवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन दोन तपे लोटली. हलगीच्या ठेक्यावर पाय उचलणाऱ्या घोड्याविषयी मात्र अभावानेच बोलले जाते.

वस्तुतः भारतीय सर्कशीचा उगमच घोड्यापाशी आहे. १८८० मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे मुळात अश्वविद्येत निष्णात होते. पुढे तंबूत वाघ-सिंह आले आणि कालांतराने गेलेही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांना खेळांसाठी शिकविण्यास मनाई करणारी केंद्र शासनाची १९९८ ची अधिसूचना २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. २०११ मध्ये या यादीत बैलाची भर पडली. २०१४ मध्ये शर्यती बंद झाल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली. घोडा या यादीत नाही. म्हणजे रेषा आखली गेली ती प्राण्याच्या जातीवरून. त्याला होणाऱ्या यातनेवरून नव्हे.

यातनेचा विचार करावयाचा तर शिकवण्याच्या रीतीकडे पाहावे लागते. मागच्या दोन पायांवर उभे राहून तोल सांभाळणे किंवा जत्रांतून दिसते तसे खाटेवर नाचणे, हा घोड्याचा स्वभावधर्म नाही. तो दोन मार्गांनी शिकविता येतो: चुचकारून, किंवा चाबूक आणि काटेरी लगाम यांच्या धाकाने. पहिल्या मार्गाला महिने लागतात आणि तेवढे दिवस दाणावैरणीचा खर्च सोसावा लागतो. दुसरा झटपट आणि स्वस्त. बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसतो तो केवळ नाच, त्यामागची रीत दिसत नाही. दोन्ही घोड्यांना सारखीच किंमत मिळत असेल, तर मायेने शिकविणारा मालक तोट्यात जातो. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते, हा अर्थशास्त्राचा जुना नियम येथेही लागू पडतो.

कायदा हा तोल सावरू शकत नाही. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी मनाई आहे; परंतु १९६० च्या कायद्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि पुढील सहा दशकांत तो वाढला नाही. ज्या जनावराचा सौदा लाखांत होतो, त्याच्या मालकाला पन्नास रुपयांचे भय काय वाटणार?

मग सरसकट बंदी हाच उपाय आहे का? बंदीच्या पुरस्कर्त्यांची भूमिका नैतिकदृष्ट्या दुबळी नाही. तथापि घोडा पिंजऱ्यातून सोडवून वनात धाडण्याचा प्राणी नाही. त्याचे मोल शून्यावर आले की त्याला पोसणारा हातही आखडतो. शिवाय या बाजारावर नालबंद, खोगीर-लगाम विकणारे, चारावाले, खानावळवाले अशा अनेकांची चूल पेटते. त्यांना वाऱ्यावर सोडून घेतलेला निर्णय कागदावर शुद्ध आणि व्यवहारात निष्ठुर ठरेल.

परंतु उपजीविकेचा युक्तिवाद यातनेचे समर्थन होऊ शकत नाही. बैलगाडा शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि गाडामालकांनी ही अट पत्करली आहे. घोड्यांच्या स्पर्धांनाही असाच शिस्तीचा चौकटबंद मार्ग हवा. मैदानात उतरण्यापूर्वी पशुवैद्यकाने घोड्याचे ओठ, जीभ आणि पाय तपासावेत. जखम आढळल्यास तो स्पर्धेतून बाद व्हावा. काटेरी लगाम बाजाराच्या वेशीवरच जप्त व्हावा. बक्षिसाचे गुण दोन पायांवर उभे राहण्याला न देता चाल, ठेवण, तब्येत आणि शांत स्वभाव यांना द्यावेत. बक्षीस ज्याला मिळते त्याला बाजारात भाव येतो, आणि ज्याला भाव येतो तेच पुढच्या वर्षी शिकविले जाते.

सारंगखेड्याचे महत्त्व येथेच आहे. जेथे किंमत ठरते, तेथेच रीतही बदलता येते. शेकडो गावांतील वरातींच्या मागे पोलीस धाडण्यापेक्षा एका बाजाराचे नियम कडक करणे अधिक सोपे आणि अधिक परिणामकारक आहे. आयोजकांनी आणि शासनाने ही जबाबदारी पुढच्या दत्तजयंतीपूर्वी स्वीकारावी. मुक्या जनावराला आपल्या नाचाची किंमत ठरविता येत नाही. ती ठरविणाऱ्यांनी तरी ती डोळसपणे ठरविली पाहिजे.