बिस्किटावरचं आयसिंग कुणासाठी?

गेल्या डिसेंबरमधल्या एका रविवारी मी चार तास ओट्यापाशी उभा होतो. चकली घरी आली त्याला त्या दिवशी दोन वर्षं झाली होती. चकली म्हणजे आमची कुत्री. १४ किलो वजन, जन्म रस्त्यावरचा, नाव शेपटीवरून पडलेलं. ज्वारीचं पीठ, वाफवलेला लाल भोपळा आणि शेंगदाण्याचं कूट मळून मी बिस्किटं कापली, काही हाडाच्या आकाराची, काही कुत्र्याच्या तोंडाच्या. हे काम तासाभराचं. बाकीचे तीन तास सजावटीत गेले. चक्का फेटून पांढरं आयसिंग, त्यात बीटाचा रस घालून गुलाबी आयसिंग, कोनातून काढलेली नक्षी. आणि व्हिडिओत दाखवलं होतं तसे प्रत्येक तोंडाला दोन डोळे. बेदाण्यांचे.

फोटो झकास आले. चकलीनं तोंडाची पाच बिस्किटं फस्त केली. मी स्टोरी टाकली आणि वीस मिनिटांत एका मैत्रिणीचा फोन आला, "डोळे कशाचे आहेत रे?"

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका, हे ठामपणे सांगता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोडेसेच भोवतात. अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी २०२१मध्ये मांडलं की दोषी बहुधा द्राक्षातलं टार्टरिक आम्ल असावं. तेच आम्ल चिंचेतही असतं. हे सगळं मला त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. डॉक्टरांनी चकलीला उलटी करवली, दोन दिवस सलाइन लावलं, रोज रक्त तपासलं. ती वाचली. तिच्या पुढच्या पायावरचे केस सलाइनसाठी काढले होते, ते परत यायला बरेच आठवडे लागले. रोज संध्याकाळी पट्टा बांधताना ती जागा दिसायची.

व्हिडिओ करणाऱ्याला शिव्या देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण बेदाणे मी लावले होते. पिठात काय चालेल, काय नाही, हे मी नीट वाचून ठरवलं होतं, कारण पीठ म्हणजे तिचं जेवण. डोळ्यांच्या वेळी वाचायचं सुचलंच नाही, कारण डोळे ही माझ्या लेखी सजावट होती. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: कुत्र्यासाठी घरी खाऊ जरूर करा, पण तो सजवू नका.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'डॉगफूडिंग' असा एक शब्द आहे. आपण बनवलेली वस्तू आधी आपण वापरून बघायची, असा त्याचा अर्थ. सजवलेल्या डॉग ट्रीटचं मात्र उलटंच आहे. ती माणूस बघतो, माणूस लाइक करतो, माणूस विकत घेतो. जिच्या नावानं हे चाललंय तिचं मत कुणी घेत नाही. आणि तिचं मत समजायला अवघड नाही. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्या तीन. निळा आणि पिवळा त्यांना कळतो, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ नाही. माझा बीटाचा गुलाबी तिच्यासाठी बहुधा मळकट करडा होता. वास मात्र तिला आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त येतो. भोपळा भाजत होता तेव्हाच तिची पार्टी सुरू झाली होती. नंतरचे तीन तास मी तिला स्वयंपाकघराबाहेर ताटकळत ठेवलं.

हे आजचं नाही. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन विक्रेत्यानं लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. बंदरातली कुत्री खलाशांची कडक बिस्किटं खाताना पाहून त्याला ती सुचली, असं सांगतात. १९०८मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाडाच्या आकाराचं बिस्किट आलं, तेच पुढचं 'मिल्क-बोन'. कुत्र्याला आकाराशी काय घेणं? हाड दिसतं ते गिऱ्हाइकाला. म्हणजे पहिली सजावटही पाकीट ज्याच्या खिशात त्याच्यासाठीच होती. आपण फक्त त्यावर आयसिंग चढवलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "मग सुरक्षित गोष्टींनी सजवा की!" सजवा, पण आधी हिशोब करा. चकलीसारख्या कुत्रीला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसावा, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे ८० कॅलरी. पीनट बटरचा एक मोठा चमचा ९० ते १०० कॅलरींचा असतो. नक्षीतच दिवसभराचा खाऊ संपला, बिस्किट अजून बाकीच आहे. शिवाय सजावटीचं सामान येतं माणसांच्या मिठाईच्या कपाटातून. तिथे चॉकलेट आणि कोको असतात, मॅकाडेमिया असतात, 'शुगर फ्री' लिहिलेल्या डब्यात कधी कधी झायलिटॉल असतं. झायलिटॉल माणसाला चालतं. कुत्र्याची साखर त्यानं एकदम कोसळते आणि यकृतही जाऊ शकतं. पीठ-भोपळ्याच्या डब्यांशेजारी हे सापळे नसतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरून कुत्र्यांचे केक आणि बिस्किटं करून विकणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्या पोटावर पाय देतोस का? नाही. तासन्‌तास कोन धरून मनगट कसं भरून येतं हे मला आता माहीत आहे. पण त्यांना ते करायला लावतो आपण. साधं, तपकिरी, ओबडधोबड बिस्किट फोटोत विकलं जात नाही. आत काय काय आहे हे पाकिटावर स्वच्छ लिहिणारीला आपण जास्त पैसे देऊ लागलो, तर ती कोन आनंदानं खाली ठेवेल.

तिसरा आक्षेप माझ्या आईचा. "जनावराला सजवणं आपल्याकडे नवीन आहे का? पोळ्याला काय करतो?"

यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण आजोबांच्या घरचा पोळा मी पाहिला आहे. झूल, गोंडे, रंगवलेली शिंगं, बेगड, सगळं असायचं. पण पोळा सुरू व्हायचा आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीनं. जू घासून घासून बैलाचा खांदा जिथे घट्टा पडून कडक झालेला असतो, तिथे आजोबा तूप-हळद चोळत बसायचे. त्या वेळी बघायला कुणी नसायचं. दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचं नाही, हा पक्का नियम. झूल गावासाठी होती, हे आजोबांनाही ठाऊक असणार. पण बैलाचं देणं त्यांनी आधी चुकतं केलेलं असायचं: दुखतं तिथे हात, आणि एक दिवस सुट्टी.

मग मी स्वतःला विचारलं, चकलीचं कुठे दुखतं? उत्तर सोपं आणि लाजिरवाणं होतं. सोमवार ते शुक्रवार ती दोन खोल्यांत दहा-दहा तास एकटी असते. मी येतो तेव्हा दमलेला असतो. ती खांबापाशी थांबून वास घेऊ लागली की मी पट्टा ओढतो, कारण साडेआठला परदेशातल्या टीमबरोबर कॉल असतो. आयसिंगचे तीन तास मी याच अपराधभावानं घातले होते. ते चार लोकांना दिसले, म्हणून मला बरं वाटलं. तिचे दहा तास तसेच राहिले. माझ्या वयाच्या, माझ्यासारखी नोकरी करणाऱ्या, कुत्रं पाळलेल्या बहुतेकांचं हे असंच आहे, असं मला वाटतं. म्हणून हे सगळं लिहायचा खटाटोप.

यंदा तोच दिवस मंगळवारी आला. तीच बिस्किटं केली, सुरीनं वेडेवाकडे चौकोन कापून. जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्यापुढे ठेवली. तिनं नाकानं एकेक शोधून काढली, तेवढ्यात माझा चहा थंड झाला. मग आम्ही टेकडीवर गेलो. एका बाभळीच्या बुंध्याशी ती इतका वेळ थांबली, की मी शेवटी खाली बसलो. पट्टा सैलच होता. त्या दिवसासाठी मी रजा टाकली होती. अर्जात कारण लिहिलं: घरगुती काम.