लिटरच्या मापाने खिलार मोजू नका

खिलार गाय दिवसाला दीड-दोन लिटर दूध देते. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली. मग दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याने ही जात पोसायची कशाला? सरसकट होल्स्टीनचे रेतन करावे, दोन पिढ्यांत गोठ्याचे रूप पालटेल. परवा एका शेतकरी मेळाव्यात दुग्धव्यवसायाचे एक सल्लागार माईकवरून हे ठासून सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवणारे आटपाडीचे होते, सांगोल्याचे होते, माणचे होते. सल्लागारांना हा मुलूख ठाऊक नसेल, पण टाळ्या देणाऱ्यांना तर होता! माझा संताप त्या टाळ्यांचा आहे.

दुधाचा आकडा मी नाकारत नाही. खिलार गाय एका वेतात चारशे लिटरच्या आसपास दूध देते. तेवढे चांगली संकरित गाय महिन्या-सव्वा महिन्यात देते. पण खिलार ही दुधासाठी घडवलेली जातच नाही. ती बैलासाठी घडवली. चपळ चाल, टणक खूर, कमी पाण्यावर आणि कोरड्या कडब्यावर टिकाव, हे गुण पाहून इथल्या पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडले. जिच्याकडून बैल मागितला तिला दुधाच्या परीक्षेला बसवायचे आणि वर नापास म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता होल्स्टीनकडे येऊ. ही हॉलंड आणि उत्तर जर्मनीच्या थंड, ओल्या कुरणांतली गाय. भरपूर दूध द्यायचे तर भरपूर खावे लागते, आणि जितके खाणे पोटात आंबते-पचते तितकी उष्णता अंगात तयार होते. ती बाहेर टाकायची सोय या गाईच्या शरीरात अपुरी आहे. तापमान आणि आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक ७२च्या वर गेला की तिचे दूध उतरू लागते, असे पशुविज्ञान सांगते. ७२ म्हणजे साधारण २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता. माणदेशात मार्च उजाडला की दुपारचा पारा याच्या कितीतरी पुढे असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. संकरित गाय शुद्ध होल्स्टीनपेक्षा थोडे जास्त सोसते, हे खरे. पण रक्त जसजसे वाढवत न्यावे तसतशी ती सोसण्याची ताकद कमी होत जाते, आणि सल्लागारांना तर दोन पिढ्यांत गोठा पालटायचा आहे. वशिंडाच्या गाईचे शरीर मुळात वेगळे. तिच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या, संख्येने जास्त आणि कातडीच्या वरच्या थरात असतात. केस आखूड आणि चकचकीत, त्यामुळे वारा कातडीला भिडतो. शरीर कमी उष्णता निर्माण करते आणि पाणीही कमी मागते. हे सगळे या मुलखातल्या उन्हाने हजारो वर्षांत निवडून दिलेले आहे, ते दोन पिढ्यांत धुऊन टाकायला आपण निघालो आहोत.

पुस्तकावर विश्वास नसेल त्याने छावणी आठवावी. २०१८-१९च्या दुष्काळात भर दुपारी चारा छावणीत गेले की फरक उघड्या डोळ्यांनी दिसायचा. हिरव्या जाळीच्या सावलीत संकरित गाय उभी. बसायला तयार नाही, तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळेची तार थेट जमिनीपर्यंत. मालकीण बारदान भिजवून तिच्या पाठीवर टाकते, ते बघता बघता कोरडे होते आणि बाई पुन्हा टँकरच्या पाण्याच्या पिंपाकडे धावते. शेजारच्या दावणीला खिलार गाय तोंड मिटून रवंथ करीत बसलेली. त्या बारदानाचे पाणी, त्या बाईची दुपार, उन्हाळ्यात गाभण न राहता पुन्हा पुन्हा उलटणारी गाय, गोचीडतापाची सलाइन, डॉक्टरची फेरी: सल्लागारांच्या नफ्याच्या तक्त्यात यांतले काय धरले होते? मी तक्ता पाहिला. खुराकाचा खर्च होता, दुधाचा भाव होता. उन्हाळा नव्हता.

आणि संकरित गाईला गोऱ्हा झाला तर? त्याला धड वशिंड नाही, त्यामुळे जू नीट टेकत नाही. औताला जुंपला तर ऊन चढायच्या आत धापा टाकतो. २०१५च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतर अशा नर जनावराला बाजारात उठावही राहिलेला नाही. मग रात्रीच्या अंधारात त्याला हमरस्त्यावर सोडून दिले जाते, किंवा दूध न पाजता मरू दिले जाते. ही क्रूरता आपल्या दुग्धक्रांतीच्या पोटात दडलेली आहे आणि तिच्याबद्दल कुणी माईकवरून बोलत नाही. उलट सांगोल्याच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात आदत खिलार खोंडाभोवती माणसे गोळा होतात. कुणी दात बघतो, कुणी खूर, कुणी शेपटाचा गोंडा. कोसा की काजळी यावर वाद रंगतो. जातिवंत खोंडाला लाखाच्या वर बोली लागते. लिटरच्या हिशेबात हा पैसा येतच नाही.

ट्रॅक्टरचे म्हणाल, तर महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ साली १.३४ हेक्टर होती. एवढ्या रानाला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, आणि पावसाने ओल्या झालेल्या काळ्या रानात, उभ्या ज्वारीच्या ओळींत कोळपे घालायला आजही बैलच जातो.

खिलारच्या कैवाऱ्यांनीही कमी नुकसान केलेले नाही. देशी गाईच्या वशिंडात सूर्यकिरण साठतात आणि दुधात सोने उतरते, असे सांगणाऱ्यांशी मी पूर्वी भांडलो आहे आणि पुन्हा भांडेन. असल्या कथांमुळेच शिकलेला माणूस देशी जनावराचा विषय निघाला की हसून उठून जातो. बैलगाडा शर्यतींचेही तसेच. २०१४ साली बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. शर्यतीने खोंडाचा भाव राखला, हे मी मानतो. पण शर्यतवाल्याला फक्त वेग हवा असतो. औताची ताकद, शांत स्वभाव, गाईचा कस यांच्याकडे त्याचे लक्ष नसते. नुसत्या शर्यतीवर जात जगत नाही.

जात कशी जाते, हे आपण शेजारीच पाहिले आहे. सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानासाठी मुद्दाम घडवलेली कृष्णाकाठची जात आज शोधत फिरावे लागते. तिचे रक्त अमेरिकेतल्या ब्राह्मन जातीत उतरले. तिथल्या उष्ण दक्षिणेत त्यांना उन्हात टिकणारे जनावर हवे होते. त्यांनी जहाजाने नेले, आपण दावणीतून घालवले. २०१९च्या पशुगणनेतही देशभरात देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला आणि संकरित वाढला.

मग करायचे काय? ज्याला पाणी आहे, हिरवा चारा आहे, पंख्या-फवाऱ्याचा गोठा बांधायची ऐपत आहे, त्याने संकरित गाय खुशाल ठेवावी. संकर गावठी, बिनजातीच्या जनावरांवर करावा. जातिवंत गाईवर तिच्या मूळ मुलखात करू नये, हे पशुपैदाशीचे जुनेच मान्य तत्त्व आहे, ते पाळले तरी पुष्कळ. चार-पाच गावांत मिळून एक निवडलेला खिलार वळू असावा आणि त्याच्या वैरणीचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा. वेताची आणि वंशावळीची नोंद ठेवावी, म्हणजे जातीच्या आतूनच दूध थोडे वाढवता येईल. यात चमत्कार काही नाही, चिकाटी लागेल.

आटपाडी, सांगोला, माण, जत, मंगळवेढा या भागांत ज्यांच्या दावणीला आज जातिवंत खिलार गाय उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी ती माजावर आली की परके रेतन भरू नका, खिलार वळूच दाखवा.