चार चाकांचा जोर आणि पाणंदीचा चिखल

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी फोर-व्हील जीप विकत घेतली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. "चांगली मोटारसायकल होती, हा पांढरा हत्ती कशाला?" असा त्यांचा सवाल. जीपची पंधरा वर्षं उलटलेली, त्यामुळे आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागली. डिझेलचं म्हणाल तर लिटरला नऊ-दहा किलोमीटर, आणि चिखलात त्याच्याही खाली. पण माझं काम बांधावरचं. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत मृगाचे दोन पाऊस झाले की मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल बसतो, चाक फिरायचं थांबतं, आणि मग कृषी खात्याचा माणूस गाडी ढकलत शेतकऱ्याच्या दारी पोचतो. त्याला जीप हा उपाय, असं मला वाटलं होतं.

जीप आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलीस जीप इथे जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून ती खेड्यात आहे. तहसीलदाराची, डॉक्टरची, नाहीतर वडापाची म्हणून आपण ती पाहिली. २०२० साली नव्या रूपातली थार आली आणि तरुण पोरांच्या डोक्यात तिने घर केलं. सोयाबीनचे पैसे आले की आधी बुकिंग, मग बाकीचं. हौसेला मोल नाही, मान्य. पण पाच वर्षं अशी गाडी चालवून जे कळलं ते सांगणं माझं काम आहे.

पहिली गोष्ट. फोर-व्हील म्हणजे जादू नव्हे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो, इथे दांडा टाकला की चारही चाकांना मिळतो, एवढाच फरक. काळी माती ओली झाली की फुगते, गुळगुळीत होते. टायरच्या खाचा भरल्या की चाराची चारही चाकं जागच्या जागी फिरतात. अशा वेळी रेस वाढवली तर गाडी आणखी खाली बसते. लो गिअर टाकून, हवा थोडी कमी करून, सावकाश निघावं. आणि डांबरीवर आलात की दांडा काढायला विसरू नका. जुन्या जीपला कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये पळवलं तर वळणावर चाकं एकमेकांशी भांडतात आणि आतले गिअर खराब होतात.

दुसरी गोष्ट. गाडी जाते म्हणून ओल्या रानात घालू नये. वाफसा नसताना फिरलेली जड गाडी जमीन दाबून टाकते, त्या पट्ट्यात पाणी साचतं आणि पीक पिवळं पडतं. आम्ही लोकांना वाफशाचं सांगायचं आणि आमच्याच चाकांनी रान तुडवायचं, हे शोभत नाही. मी जीप बांधाच्या अलीकडे ठेवतो आणि चालत जातो.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. मागच्या श्रावणात रात्री दहाला दारावर थाप पडली. वस्तीवरच्या एका बाईला साप चावला होता. रुग्णवाहिका डांबरीपर्यंतच येते. पुढची दोन किलोमीटर पाणंद तिला कशी पार व्हावी? "सायेब, जीप काढा," एवढंच तो पोरगा बोलला. मी निघालो. अर्ध्या पाणंदीत जीप रुतली. तिथे दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत रस्ता इतका अरुंद झालाय की चाक सरळ चारीत गेलं. चारही चाकांचा जोर लावला, कुचकामी. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने बैलजोडी जुंपली आणि बैलांनी जीप ओढून काढली. पाऊण तास गेला. पुढे फरशी पुलावर पाणी होतं. जीप उंच आहे, काढू, असं माझ्या मनात आलं होतं. मागे बसलेले एक म्हातारे आबा म्हणाले, "जीपला पोहता येतं का?" मी फिरलो. लांबच्या वाटेने दवाखाना गाठला, लस मिळाली, बाई वाचली. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठी गाडीही उचलून नेतं, हे ध्यानात ठेवा. आबा गाडीत नसते तर हा लेख लिहायला मी असतो का, कुणास ठाऊक.

आणि ज्याने बैल आणले, पाणंद कोरणाऱ्यांत तोही होता. त्याला दोष देत नाही, तो मदतीला धावला. पण त्या रात्री आम्ही दोघंही खाली मान घालून उभे होतो. दरवर्षी नांगराचं एक तास सगळेच पुढे सरकवतात, आणि मग रस्ता नाही म्हणून सगळेच ओरडतात.

म्हणून माझं म्हणणं असं. बारा-पंधरा लाखांच्या एका गाडीने एक घर चिखलातून जाईल, तेही गेलं तर. पाणंद झाली तर शाळेची पोरं, दुधाचे कॅन, उसाची ट्रॉली आणि आजारी माणूस, सगळे जातील. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, तो आधी बघा. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. पण कोर्टकचेरीत पिढी जाते. त्यापेक्षा पारावर बसून दोन्हीकडून चार-चार फूट सोडणं स्वस्त पडतं.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना (पदांची नावं बदलली तरी गाव याच नावांनी हाक मारतं) एक विनंती. शेतरस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री योजना आली, रस्ते मंजूरही झाले. पण नुसता मुरूम टाकून फोटो काढू नका. काळी माती काढा, दोन्ही बाजूंना चाऱ्या खोदा, मध्ये उंचवटा ठेवा, रोलर फिरवा. पाणी वाहून गेलं तरच रस्ता टिकतो.

माझी जीप मी विकणार नाही, तिचा लळा लागलाय. पण ज्या दिवशी त्या वस्तीवर मला फोर-व्हीलचा दांडा न टाकता जाता येईल, त्या दिवशी पेढे मी वाटीन. येत्या मृगाआधी आपल्या पाणंदीवर एकदा पायी फिरून या आणि आपला बांध किती पुढे सरकलाय ते ज्याचं त्याने बघावं.