नव्या वसाहती, जुने नाले

सुलतान बाजारपासून मुसी नदी फार दूर नाही. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात तिने हैदराबादेत हजारो बळी घेतले. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले, शिवाय शहरासाठी भुयारी गटारांची आखणीही झाली.

आजचा पूर मात्र नदीपेक्षा वसाहतींच्या रस्त्यांवर अधिक दिसतो. ऑक्टोबर 2020 मध्ये घटकेसर परिसरात एका दिवसात 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या. पूर्वी एका तलावातून ओसंडलेले पाणी नाल्याने खालच्या तलावात जात असे. ती साखळी बांधकामांनी जागोजागी तोडली आहे. नाले रुंद करण्याची शिफारस किर्लोस्कर समितीने 2003 मध्येच केली होती.

दुसरा दोष व्यवस्थेचा आहे. पावसाळी नाले महापालिकेकडे, तर मलवाहिन्या जलमंडळाकडे. नव्या वसाहतीचे सांडपाणी नाल्यात सोडले, की पावसाळ्यात तेच उलटून घरात शिरते. विकासक तोवर सदनिका विकून मोकळा झालेला असतो. भुर्दंड रहिवाशांच्या माथी येतो.

म्हणून वसाहतीच्या हद्दीबाहेर पाणी नेमके कोठे जाणार, हे प्रत्यक्ष तपासल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. पाणी उताराची वाट सोडत नाही. ती वाट नकाशावर मोकळी ठेवणे, एवढेच शासनाच्या हाती आहे.