फोटो काढण्याआधी विचारा

प्रवासाला निघताना हल्ली पाण्याच्या बाटलीआधी मोबाईलचं चार्जिंग बघितलं जातं. दिसलं की काढ फोटो! त्यात गैर काय, असं कुणीही म्हणेल. पण समोर दिसतं ते सगळं आपल्यासाठीच मांडून ठेवलेलं असतं का?

मागच्या वर्षी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेला गेले होते. फिनिक्सहून गाडीने आम्ही सगळे मॉन्युमेंट व्हॅली बघायला गेलो. ॲरिझोना आणि युटा राज्यांच्या सीमेवरचं हे वाळवंट. सपाट लाल जमिनीतून एकदम हजार-हजार फूट वर गेलेले वालुकाश्माचे खडक! त्यातले दोन तर अंगठा वेगळा काढलेल्या हातमोज्यांसारखे, त्यांचं नावच 'मिटन्स'. दगडातल्या लोहामुळे हा तांबडा रंग येतो. भर दुपारी तो फिका दिसतो, सूर्य कलला की निखाऱ्यासारखा फुलतो. म्हणून फोटो काढायचे ते सकाळी नाहीतर संध्याकाळी. १९३९च्या 'स्टेजकोच' या जॉन फोर्डच्या सिनेमाने ही जागा जगभर पोहोचवली.

सिनेमात ती ओसाड वाटते. पण इथे नावाहो आदिवासींची घरं आहेत. १८६४ मध्ये सैन्याने हजारो नावाहोंना शेकडो मैल पायी चालवत हद्दपार केलं. १८६८च्या करारानंतर ते परतले. १९५८ मध्ये त्यांनीच इथे आपलं उद्यान केलं. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, बरं का! तरीही नावाहोंच्या कितीतरी घरांत आजही नळ नाही, पाणी लांबून भरून आणावं लागतं. हे ऐकलं आणि आमच्या तालुक्यातल्या डोक्यावर हंडे घेतलेल्या बायाच डोळ्यांपुढे आल्या.

तिथला नियम साधा आहे. खडकांचे फोटो हौसेने काढा. माणसांचे आणि त्यांच्या घरांचे मात्र विचारल्याशिवाय नाही. खडकांवर चढायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही. मला हे फार पटलं. आपल्याकडे पाड्यावर ब्लँकेट वाटायला आलेली मंडळी आधी बाईच्या तोंडासमोर मोबाईल धरतात. ती कशी ओशाळते, पदर ओढून घेते, हे बचतगटाच्या कामात मी अनेकदा पाहिलंय. घेणाऱ्याला 'नको' म्हणायचा हक्क नसतो का?

मैत्रिणींनो, सहलीला जरूर जा, भरपूर फोटो काढा. फक्त मुलांच्या हातात मोबाईल देताना 'काढू का?' हे दोन शब्दही शिकवा. समोरची नको म्हणाली तर हसून मोबाईल खाली घ्यावा. आपला एक फोटो हुकेल, पण तिचा मान राहील.