ठोका कोठे द्यावा?

पेसमेकर विजेच्या सूक्ष्म ठोक्याने हृदय चालते ठेवतो, हे सर्वांस ठाऊक असते. तो ठोका हृदयात कोठे द्यावा, हा प्रश्न मात्र तज्ज्ञांवर सोडून दिला जातो.

अनेक दशके तार उजव्या जवनिकेच्या टोकाशी बसविली गेली, कारण तेथे ती सहज टेकते. तेथून निघालेली वीज हृदयातील वाहक तंतूंनी न जाता स्नायूतून रखडत जाते आणि डावी बाजू मागाहून आकुंचन पावते. पुढे कर्णिका व जवनिका यांना क्रमाने चालविणारे यंत्र आले. ते निसर्गाच्या अधिक जवळचे, म्हणून अधिक हितकर, असे गृहीत धरले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ चाचणीने या समजुतीला धक्का दिला. दुबळ्या हृदयाच्या ५०६ रुग्णांना डिफिब्रिलेटर बसविले होते; पेसमेकरची वेगळी गरज त्यांना नव्हती. एका गटाला दोन्ही कप्प्यांतून मिनिटास किमान ७० ठोक्यांची व्यवस्था होती. दुसऱ्या गटात गती ४०च्या खाली गेली तरच यंत्र ठोका देई. वर्षभरात मृत्यू आला किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात जावे लागले, असे पहिल्या गटात शेकडा सुमारे २७ निघाले, दुसऱ्यात १६.

आता ठोका थेट वाहक तंतूंनाच देण्याची पद्धत आली आहे. अमेरिकेत प्रमोद देशमुख व सहकाऱ्यांनी २००० साली हिस-गुच्छाला कायमची तार जोडल्याचा अनुभव मांडला. २०१७ साली चीनमधील वेनझोऊच्या हुआंग व सहकाऱ्यांनी डाव्या शाखेपर्यंत तार नेली. तत्त्व सुंदर आहे. दोन कप्प्यांचे तत्त्वही सुंदरच होते!

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. दुबळ्या हृदयासाठी वापरले जाणारे तीन तारांचे यंत्र साध्या पेसमेकरहून पुष्कळ महाग असते. डाव्या शाखेला दिलेल्या ठोक्याने तेच काम साधले, तर कित्येकांचे साध्या यंत्रावर भागेल. महाग यंत्र विकणाऱ्यानेच ही तुलना तत्परतेने करावी, ही अपेक्षा भाबडी आहे. अमेरिकेत कायद्याने उभारलेल्या निधीतून दोन हजारांहून अधिक रुग्णांवर नेमकी हीच तुलना हाती घेण्यात आली, ती म्हणूनच मोलाची. आपल्या शासकीय रुग्णालयांतही सार्वजनिक पैशाने ती व्हावी. मात्र चाचणीतील रुग्णाच्या यंत्राची बॅटरी संपल्यावर नव्या यंत्राचा खर्च कोण देणार, हे संमतीपत्रावर त्याची सही घेण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.