गळ, गय आणि कुपा

"अबे, बडनेऱ्यात बसून समुद्रातला मासा पकडतं का बे?"

परवा एका मित्राने लेथवर माझ्या हातातलं लाकूड पाहून हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. बडनेऱ्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडे पाणी म्हणजे अप्पर वर्धा धरण, आणि मासा म्हणजे सिंभोऱ्याला तळून मिळतो तो. तरी मी गेली काही वर्षं बाभळीच्या लाकडाचे खोटे मासे बनवतो आणि कोकणातल्या एका मित्राला पाठवतो. तो छोट्या फायबरच्या होडीमागे ते ओढतो आणि त्यावर कुपा पकडतो. कुपा म्हणजे ट्यूना. कोणी गेदरही म्हणतात.

पहिल्या प्रश्नावर मी हसलो. पण मित्र पुढे जे बोलला त्यावर हसू आलं नाही. तो म्हणाला, "हे सगळे शौक आहेत राजा. देशाला मासळी पाहिजे, अन् त्याले मोठी जाळीच लागतात."

हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं उत्तर लिहून ठेवतो. गळाने मासा धरणं हा शौक आणि जाळ्याने ओरबाडणं हा व्यवसाय, ही समजूत चुकीची आहे. नुसती चुकीची नाही, महागात पडणारी आहे.

आधी एक घोळ मिटवू. होडीमागे दोरीला आमिष बांधून ओढत नेण्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. आणि समुद्राचा तळ खरवडत जाळं ओढण्याला ट्रॉलिंग. एका मात्रेचा फरक! आपल्याकडे दोन्ही शब्द सर्रास एकसारखेच उच्चारले जातात, एकसारखेच छापले जातात. पण पहिल्यात एका दोरीला एक मासा लागतो. दुसऱ्यात वाटेत येईल ते सगळं लागतं, पिल्लं, अंडी भरलेल्या माद्या, खेकडे, शंख, सगळं. ज्या भाषेत या दोन गोष्टींना वेगळी नावंच नाहीत, त्या भाषेत त्यांच्याबद्दल वेगळा विचार तरी कसा होणार?

आता हा लाकडी मासा असतो तरी कसा ते सांगतो, म्हणजे शौक की कसब याचा निवाडा तुम्हीच कराल.

वीतभराहून थोडा कमी, अंगठ्याहून जाड असा बाभळीचा तुकडा. लेथवर त्याला निमुळता करायचा, पुढच्या टोकाला शिशाचं नाक बसवायचं. मधोमध आरपार भोक, त्यातून दोरी जाणार. हे भोक केसभर जरी बाजूला गेलं तरी मासा पाण्यात पोहत नाही, गरगर फिरतो आणि दोरीला पीळ भरतो. माझी पहिली सहा नगांची खेप अशीच वाया गेली. मित्राने फोनवर एवढंच सांगितलं, "भोवरे पाठवलेस की काय?"

दुसरा प्रकार राळेच्या मुंडीचा. हवाई बेटांवर दुसऱ्या महायुद्धानंतर मच्छीमारांनी बारमधल्या ग्लासाचा साचा करून राळ ओतली आणि त्या मुंड्यांवर मोठमोठे मासे धरले, असं सांगतात. मुंडीचा पुढचा भाग टोकदार ठेवला तर ती पाण्याखालून सरळ धावते. तिरका कापला तर डुलते. वाटीसारखा खोलगट केला तर वर येते, हवेचा घोट घेते आणि मागे बुडबुड्यांची शेपटी सोडत खाली जाते. कुप्याला ही शेपटी दिसते. होडी ताशी पाच ते आठ सागरी मैलांनी चालते आणि एवढ्या वेगात त्याला विचार करायला वेळ नसतो, पण नजर तीक्ष्ण असते. म्हणून मुंडीजवळची दोरी पारदर्शक हवी, आणि गरजेपेक्षा जाड नको.

मुंडीमागे झालर लागते. बाजारात रबरी झालरी मिळतात. मी पोळ्याचे गोंडे वापरतो. तान्हा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी बैलांचे उरलेले नायलॉनचे गोंडे स्वस्तात मिळतात. सुती गोंडा पाण्यात चिकटून बसतो, नायलॉनचा मोकळा राहतो. पावसाळ्यातली बंदी ३१ जुलैला संपलेली असते, हंगाम नुकता सुरू झालेला असतो. म्हणजे आमच्या बैलांचा साज महिनाभरात अरबी समुद्रात पोहत असतो. असो.

खरी परीक्षा पुढे आहे, बांधणीत. गळ झालरीच्या टोकाशी यायला हवा, ना आत ना फार मागे. त्यासाठी दोरीत मणी ओवून अंतर जुळवायचं. दोरीचा फास धातूच्या नळीने दाबून पक्का करायचा. नळी दोरीच्या मापाचीच हवी. कमी दाबली तर दोरी निसटते, कडेपर्यंत करकचून दाबली तर कडच दोरीला कापते. हे मी एका कुप्याच्या जिवावर शिकलो. मी घाईत दाबलेली नळी सुटली आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून गेला. मित्र रागावला नाही. "मोठा होता," एवढंच म्हणाला. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही.

इथे आमच्या बोलीतली एक गंमत सांगतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया. त्या हिशेबाने गळ म्हणजे गय. प्रमाण मराठीत गय म्हणजे दयामाया, सूट. मला वाटतं आमच्या बोलीने नकळत बरोबर सांगितलंय. मासेमारीच्या सगळ्या साधनांत गय करता येते ती याच एका साधनाला. लहान मासा आला, सोडला. नको तो आला, सोडला. पुरेसे झाले, दोरी गुंडाळली. जाळं वर येईपर्यंत आत काय आहे ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेक मेलेलं असतं. पण ही गय आपोआप होत नाही. ती बांधणीवर अवलंबून असते. वाईट बांधलेला गळ हा जाळ्याहून बरा नाही, तो नुसतं क्रौर्य आहे. म्हणून याला शौक म्हटलं की मला राग येतो. शौकात चूक झाली तर आपलं नुकसान, इथे दुसऱ्याचा जीव जातो.

आणि हे काही परदेशी साहेबांचं खूळ नाही. पूर्व तिमोरमधल्या जेरिमालाई गुहेत सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत कुप्याच्या जातीच्या माशांची हाडं सापडली आहेत. पॉलिनेशियातले लोक शिंपल्याच्या चकचकीत तुकड्याला हाडाचा गळ बांधून कुपा धरत. तेही खोटं आमिषच. आपल्याच देशात, लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर, छोटे जिवंत मासे पाण्यात फेकून कुप्याला जवळ बोलवतात आणि काठीच्या दोरीला बिनकाट्याचा गळ लावून एकेक मासा होडीत उडवतात. शेजारच्या मालदीवमध्ये हीच पद्धत आहे. तिथल्या अशा मासेमारीला २०१२ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि तो कुपा जगभर त्याच नावावर विकला जातो. शौकाला प्रमाणपत्र मिळतं का?

आता जाळ्यांचं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर बंधनं घातली. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आणली. २०२१ साली राज्याने १९८१ चा जुना कायदा बदलून दंड लाखांत नेला. कागद उत्तम आहेत. तरीही कोकणातले छोटे मच्छीमार त्यानंतरही एलईडीच्या तक्रारी घेऊन उभे राहतच आले. रात्री समुद्रावर दिव्यांची जत्रा भरते आणि पहाटे गळ टाकणाऱ्याच्या दोरीला काही लागत नाही.

आणि उपाय म्हणून आपल्याला काय सुचतं? आणखी मोठी बोट. पाल्कच्या सामुद्रधुनीतले ट्रॉलर कमी करण्यासाठी २०१७ साली तमिळनाडूत कुप्याच्या खोल समुद्रातल्या बोटींची योजना आली. हेतू चांगला होता. एका बोटीची किंमत ८० लाख. त्यातले ५६ लाख सरकारचे, ८ लाख मच्छीमाराचे, १६ लाख कर्जाचे. म्हणजे ज्याच्या होडीत आज शे-दोनशेचं आमिष आहे, त्याने आधी २४ लाखांची जबाबदारी घ्यायची आणि मग मासे पकडायला जायचं. कर्ज डोक्यावर असलेला माणूस समुद्राची गय करत नाही. करूच शकत नाही. हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. कपाशीच्या कर्जाने जमिनीचं आणि माणसाचं काय होतं ते आम्ही घराशेजारी पाहिलंय.

विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. बांगडा आणि तारली गळाने धरून देशाचं पोट भरणार नाही, त्याला जाळीच लागतील. होडीमागे दिवसभर आमिष ओढायला डिझेल बरंच जळतं, म्हणून माझा मित्र नुसता तेवढ्यासाठी निघत नाही, दुसऱ्या कामाला जाता-येता दोऱ्या सोडतो. हिंदी महासागरातला पिवळ्या पराचा कुपा २०१५ साली अतिमासेमारीत गेल्याचं सांगितलं होतं, २०२४ च्या मूल्यमापनात चित्र सुधारलेलं दिसलं. म्हणजे उद्याच सगळं संपतंय अशी बोंब मी मारणार नाही.

पण कुपा हा एकेकटा गळाला येणारा मासा आहे. त्याचं रक्त गरम असतं, झटापटीत अंग आणखी तापतं आणि मांस खराब होतं. गळाने आलेला मासा लगेच मारून, रक्त काढून, बर्फात ठेवता येतो. जाळ्यात शेकडोंच्या खाली चेंगरलेल्याचं तसं करता येत नाही. आपल्याकडे सुरमईपुढे कुप्याला कोणी विचारत नाही, "रक्ताळ असतो" म्हणतात. अहो, रक्त काढलंच नाही तर रक्ताळ लागणारच! दोष माशाचा नाही, धरण्याचा आणि हाताळण्याचा आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. बंदरावर गळाच्या माशाचा लिलाव वेगळा लावा, म्हणजे भाव वेगळा मिळेल. मच्छीमारांच्या प्रशिक्षणात इंजिन दुरुस्तीबरोबर आमिष बनवणं आणि बांधणंही शिकवा. लेथ गावोगावी आहे, बाभूळ बांधाबांधावर आहे. ज्या कामाला ८० लाख लागत नाहीत त्यालाही व्यवसाय म्हणा.

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, हातातला लाकडी मासा उलटासुलटा केला, भोकातून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भोक तं मधात आहे बावा."

चला, एवढं पटलं तरी पुरे. पुढच्या खेपेचे आठ नग आजच पाठवायचे आहेत, आणि नळ्या या वेळी दोनदा तपासल्या आहेत.